भंगारात देण्याआधी



पावसाळ्याआधी घर आवरताना माळ्यावरचे तिफणीचे चाडे, मोटेचे चाक, पोरांचा लाकडी बैल बाहेर निघतो आणि भंगारात नाहीतर चुलीत जातो. भुसावळकडच्या मळ्यांत विजेचे पंप आले, मोट गेली. पेरणीयंत्र आले, चाडे अडगळीत पडले. तरी थोडे थांबा.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी खेड्यापाड्यांतून दिवे, अडकित्ते, भांडी, खेळणी अशा रोजच्याच वस्तू जमवल्या. हा संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाला दिला. आज लोक तो राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहतात.

आपणही घराचा एक कोपरा राखावा. लोखंडाचा गंज तारेच्या ब्रशने काढून तेलाचा हात द्यावा. लाकूड कोरडे पुसून जवसाचे तेल चोळावे; रंग देऊ नये. वस्तू विटांवर ठेवावी, म्हणजे ओल लागत नाही आणि वाळवी लवकर दिसते.

प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधावी: नाव, काम, कोणी वापरली. चाड्यावर मूठ कशी धरायची, बी सारखे कसे सोडायचे, हे आजोबांना विचारून मुलांनी वहीत उतरवावे. चाडे सुतार पुन्हा करून देईल. ती मूठ आजोबांनाच ठाऊक आहे.