परवाना लागत नाही, त्याचाही परवाना

माझ्या टीममधला एक सहकारी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. ऑक्टोबर लागला की शनिवार-रविवारी तो कुणाला सापडत नाही. पहाटे तळ्याकाठच्या गवतात बंदूक घेऊन बदकांची वाट बघत बसतो. मागच्या हंगामात व्हिडिओ कॉलवर त्याने मोबाइलमधला आपला शिकारीचा शिक्का कौतुकाने दाखवला. तिकडे 1934 पासून सोळा वर्षांवरच्या प्रत्येक शिकाऱ्याला पाणपक्षी मारण्यासाठी सरकारी 'डक स्टॅम्प' घ्यावा लागतो. किंमत 25 डॉलर, आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा विकत घेण्यात आणि राखण्यात जातो. ऑनलाइन घेतलेला शिक्का पूर्वी 45 दिवसच चालायचा. तेवढ्यात टपालाने कागदी शिक्का यायचा आणि पुढे तो खिशात बाळगावा लागायचा. टपाल उशिरा आलं की परवाना असूनही माणूस गुन्हेगार. म्हणून त्यांच्या संसदेने डिसेंबर 2023 मध्ये कायदाच बदलला. आता मोबाइलमधला शिक्का पूर्ण हंगाम चालतो, कागदी शिक्का हंगाम संपल्यावर घरी येतो.

"तुमच्याकडे कसं आहे?" त्याने विचारलं. म्हटलं, माझं गाव धडगाव. आमच्याकडे गलोलीने बदक मारणाऱ्या पोरावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. त्याला ती थट्टा वाटली. पण आपला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा पक्षी पकडणं, त्याची अंडी उचलणं, घरटं मोडणं, हे सगळं 'शिकार' या एकाच शब्दात बसवतो. 1991 पर्यंत आपल्याकडेही शिकारीचे परवाने होते, लहान शिकारीचा वेगळा, मोठ्या शिकारीचा वेगळा. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते संपले. 2022 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड 25 हजारांवरून एक लाखापर्यंत नेला.

ते परवाने परत यावेत असं मला वाटत नाही, हे आधीच सांगतो. सालिम अलींना पक्ष्यांचं वेड लागलं ते लहानपणी एअरगनने मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. पण तो काळ वेगळा होता आणि तेव्हाची तळीही. वनहक्क कायद्यानेही ही रेघ स्पष्ट ओढली आहे. 2006 चा हा कायदा जंगलात राहणाऱ्यांना गौण वनोपजाची मालकी देतो, पाण्यातल्या माशांवरचा सामुदायिक हक्क देतो, आणि परंपरेने चालत आलेले इतर हक्कही मानतो. फक्त शिकार आणि सापळे त्यातून वगळतो. म्हणजे नर्मदेच्या फुगवट्यात भूषाच्या माणसाचा मासा त्याचा, बदक कुणाचंच नाही. मला हे मान्य आहे.

माझ्या डोक्यात राहिलं ते दुसरंच. तिकडे हौसेने बदकं मारणाऱ्याची टपालामुळे अडचण होते म्हणून संसद कायदा बदलते. आमच्याकडे कायदा बदलून वर्षं झाली, तरी पोटासाठी गाडी हाकणाऱ्याची रात्र नाक्यावर जाते.

माझे मामू पिकअप चालवतात. दोन वर्षांपूर्वी एका पावरा शेतकऱ्याच्या बांधावरचे बांबू त्यांनी भरले. शेत त्याचं, सातबारा त्याच्या नावावर, बांबू त्याच्या बापाने लावलेले. चांदसैली घाट उतरून तळोद्याकडे निघाले, वाटेतल्या एका नाक्यावर गाडी अडली. वाहतूक पास कुठे? मामूंनी सांगितलं, शेतातल्या बांबूला पास लागत नाही. आणि खरंच लागत नाही. 1927 च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू होता. नोव्हेंबर 2017 मध्ये आधी अध्यादेशाने आणि मग कायद्याने तो त्यातून काढून टाकला. वनस्पतिशास्त्राने गवत ठरवलेल्या बांबूला कायद्याने गवत मानायला नव्वद वर्षं लागली. नाक्यावरच्या माणसाचं म्हणणं मात्र सरळ होतं: हे बांबू शेतातले, जंगलातले नाहीत, कशावरून?

प्रश्न चुकीचा नाही. सातपुड्यातून सागवान कसं जातं हे मला कुणी शिकवायची गरज नाही, नाका हवाच. पण उत्तर देण्याचा रस्ता कोणता? शेतकऱ्याचा सातबारा दाखवला, तो जुना निघाला. त्याला फोन लावला, लागला नाही, त्याच्या पाड्यावर रेंज नाही. मामूंनी मला पुण्यात फोन केला, रात्री साडेनऊला. मी लॅपटॉप उघडला. इंजिनिअर भाचा असल्याचा काहीतरी उपयोग व्हावा!

केंद्राने डिसेंबर 2023 च्या अखेरीस देशभरासाठी लाकूड, बांबू आणि वनोपज वाहतुकीची ऑनलाइन पास यंत्रणा सुरू केली. योगायोगाने अमेरिकेचा कायदा झाला तोच महिना. ज्या जातींना पास लागतो त्यांना क्यूआर कोडचा पास, आणि ज्यांना लागत नाही त्यांच्यासाठी आपणच काढायचं ना-हरकत प्रमाणपत्र. परवानगी लागत नाही, याचा दाखला. हे वाचून मी हसलो, मग अर्ज भरायला बसलो. ओटीपी शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाणार होता. तो नंबर होता त्याच्या मुलाकडे, आणि मुलगा ऊसतोडीला बारडोलीकडे. 'पावरा' हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं; आधारवर एक, सातबाऱ्याच्या नोंदीवर दुसरं. रात्री बाराला मी नाद सोडला. मामू गाडीतच झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेतकरी स्वतः दोन गाड्या बदलून नाक्यावर आला, तेव्हा गाडी सुटली. त्याची मजुरी बुडाली, मामूंचं भाडं बुडालं. गुन्हा कुणाचाच नव्हता, म्हणून भरपाईही नाही.

रोज असलेच फॉर्म लिहिणारा माणूस म्हणून मला यात कुणाचा दुष्टावा दिसत नाही. दिसतो तो आमचा आळस. आम्ही मनात एक वापरकर्ता धरतो: त्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, रेंज आहे, सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे. तो माणूस धडगावात राहत नाही, पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. रेंजचं दुखणं तर तंत्राने आजही सुटू शकतं. क्यूआर कोडमध्ये डिजिटल सही असेल आणि ती तपासायची किल्ली नाक्यावरच्या फोनमध्ये आधीच भरलेली असेल, तर खरं-खोटं करायला इंटरनेट लागतच नाही. यात काही शोध लावायचा नाही, कुणीतरी निविदेत तशी अट घालायची आहे.

पण निविदेच्या अटी बदलतात, अधिकारी बदलतात. म्हणून मला अमेरिकेच्या त्या छोट्या कायद्याचं महत्त्व वाटतं. परवाना मोबाइलवर आणला यात काही विशेष नाही, तो आधीही मोबाइलवर होताच. तो पुरेसा आहे, दुसरा कागद मागायचा नाही, हे कायद्यात लिहिलं ही खरी गोष्ट.

आपल्याकडे त्याहून पुढचं वाक्य आधीच लिहिलेलं आहे. वनहक्काच्या नियमांत 2012 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने गौण वनोपजाचा वाहतूक पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला किंवा ग्रामसभेने नेमलेल्या माणसाला दिला. पासाच्या अटीमुळे वनोपज विकण्याच्या हक्कावर कसलाही अडथळा येता कामा नये, असंही त्यात आहे. आणि हे नुसतं कागदावर नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा हट्ट धरला, तेव्हा 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं. नियम त्यानंतर वर्षभराने बदलले. मोहफुलांचंही असंच, दारूबंदी कायद्याखालचे जुने निर्बंध राज्य सरकारने 2021 मध्ये उठवले आणि जग काही बुडालं नाही.

मग ऑनलाइन यंत्रणेत ग्रामसभेची जागा कोणती? माझं म्हणणं असं की राज्याने नियम करून सांगावं: ग्रामसभेने सही-शिक्का मारून दिलेला कागद हाच मूळ पास, ऑनलाइन नोंद ही त्याची प्रत. ती नोंद पंचायतीचा माणूस आठवड्याच्या बाजाराला धडगावात आला की करेल. शेतातल्या बांबूसाठी ग्रामपंचायतीचा साधा दाखला पुरेसा मानावा. आणि नाक्यावर गाडी तीन-चार तासांपेक्षा जास्त थांबवायची असेल, तर कारण लेखी द्यावं, नाव आणि वेळ टाकून. ही शेवटची मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लेखी कारण नसलं की अडवणूक आणि तपासणी यांतला फरक पुसला जातो, आणि मग गाडी कुणाची, चालक कोण, त्याचं नाव काय, यावर गोष्टी ठरू लागतात. या मासिकाच्या वाचकांना हे अधिक उलगडून सांगायला नको. आपल्यातले कितीतरी लोक गाड्यांवर आहेत. जंगलातला माल पाड्यावरच्या आदिवासीने गोळा करायचा आणि आपल्यातल्या कुणीतरी वाहून न्यायचा, अशी ही जुनी साखळी आहे. कागद अडला की दोघंही अडतात, पण दाद मागायला दोघं कधी एकत्र गेल्याचं मी पाहिलेलं नाही. ग्रामसभेच्या ठरावासोबत पिकअपवाल्यांचंही निवेदन तहसीलला गेलं, तर ते फाइलमध्ये ठेवून देणं थोडं कठीण जाईल.

मामूंनी आता गाडीत 2018 च्या राजपत्राची छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे. मीच काढून दिली होती. मागच्या महिन्यात पुन्हा एकाने गाडी थांबवली, मामूंनी प्रत पुढे केली. त्याने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "हे इंग्रजीत आहे, मराठीत आणा." यावेळी गाडी मात्र अर्ध्या तासात सोडली. मराठी प्रत मी शोधतो आहे.