ताळा न केलेलीं यंत्रें

आमच्या सुशिक्षित वर्गांत हल्लीं एक मत फार प्रतिष्ठा पावूं लागलें आहे. तें असें कीं, यंत्राच्या पोटांत बसविलेल्या संगणकाची विद्या, जिला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात ती, हातानें करून शिकण्याची आहे. पदव्युत्तर वर्गांत तिचें गणित व तर्कशास्त्र शिकवीत बसणें म्हणजे विद्यार्थ्याचीं दोन वर्षें आणि बापाचे पैसे फुकट घालविणें होय. सर्किट जुळवावें, प्रोग्रॅम लिहावा, चालवून पाहावा. चालला कीं झालें! असें बोलणारांत नोकऱ्या देणारे आहेत, अभ्यासक्रम ठरविणारे आहेत, आणि मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहणारे पालकही आहेत. हें मत माणसांच्या जिवावर बेतणारें आहे, असें आम्ही म्हणतों, आणि तें पुराव्यानिशीं दाखवितों.

हिशेबाच्या संगणकानें उत्तर क्षणभर उशिरां दिलें तर कारकून जांभई देतो. मोटारीच्या ब्रेकमधील संगणकानें तसें केलें तर जांभई देण्यास कोणी उरत नाहीं. या यंत्रांत उशिरां आलेलें बरोबर उत्तर हें चूकच समजावें लागतें.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजीं सौदी अरबस्तानांत धाहरान येथें पेट्रियट नांवाच्या संरक्षक यंत्राला येणारें क्षेपणास्त्र अडवितां आलें नाहीं, आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. कारण काय? एक-तृतीयांश दशांशांत लिहूं गेल्यास तो ०.३३३… असा संपतच नाहीं, हें वाचकांस ठाऊक आहे. द्विमान पद्धतींत एक-दशांशाची तीच गत होते. पेट्रियटचें घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजी, आणि त्यांचे सेकंद करतांना २४ अंकांपलीकडचें शेंपूट छाटलें जाई. एका वेळची ही तूट सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढीही नव्हे. परंतु यंत्र १०० तास अखंड चाललें, तूट ०.३४ सेकंदांवर गेली, आणि तेवढ्या अवधींत तसलें क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढें जातें. यंत्र भलतीकडे पाहत राहिलें. फार वेळ चालविल्यास नेम चुकतो, अशी सूचना चार दिवस अगोदर गेली होती. 'फार' म्हणजे किती तास, एवढेंच तींत नव्हतें! सुधारलेला प्रोग्रॅम धाहरानला दुसऱ्या दिवशीं पोंचला. शाळेंतला अपूर्णांक आणि एक गुणाकार, इतक्या गणितानें ही आपत्ति कागदावर आधींच दिसली असती.

दुसरें उदाहरण रुग्णालयांतलें आहे. १९८५ ते १९८७ या काळांत कॅनडांत बनलेल्या थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रानें सहा रुग्णांवर मात्रेच्या कित्येक पट किरण सोडले. त्यांतील कांहीं त्यानेंच दगावले. टेक्सासमधील टायलर येथें यंत्र चालविणारी बाई टंकनांत तरबेज झालेली होती. चुकून पडलेलें अक्षर तिनें झटकन दुरुस्त केलें. यंत्रांतील चुंबक जागेवर येण्यास सुमारें आठ सेकंद लागत. तेवढ्यांत झालेली दुरुस्ती यंत्राच्या एका भागास कळली, दुसऱ्यास कळली नाहीं. हात सांवकाश चालत होता तोंवर दोष लपून राहिला. हात बसला आणि दोष उघडा पडला. थेरॅक-२० या जुन्या यंत्राच्या प्रोग्रॅमांतही तो होताच, पण तेथें धोका अडविणारें वेगळें कुलूप होतें. नव्या यंत्रांत तें काढून सारी भिस्त प्रोग्रॅमवर ठेविली. 'चालवून पाहा' म्हणणारांस आम्ही विचारतों कीं, त्या आठ सेकंदांत कोणत्या घटना कोणत्या क्रमानें घडतील, ते सारे क्रम चालवून पाहण्यास किती जन्म घेणार?

शाळकरी मुलगा भागाकार केला कीं ताळा करतो. या विद्येलाही ताळ्याचें शास्त्र आहे, आणि तें कालपरवाचें नव्हे. १९७३ सालीं ल्यू व लेलँड यांनीं सिद्ध केलें कीं, एका संगणकावर ठराविक अंतरानें येणारीं स्वतंत्र कामें असतील आणि ज्याचें अंतर लहान त्यास अग्रहक्क असेल, तर कामें कितीही असोत, एकूण भार ६९ टक्क्यांच्या आंत असल्यास एकही काम मुदत चुकवीत नाहीं. १९७७ सालीं आमीर प्नुएली यांनीं काळाचें तर्कशास्त्र प्रोग्रॅमांस लाविलें. पुढें क्लार्क, इमर्सन व सिफाकिस यांनीं यंत्राच्या शक्य तितक्या सर्व अवस्था संगणकाकडूनच तपासून घेण्याची रीत बसविली, तिजबद्दल त्यांस २००७ चें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें; आणि राजीव अलूर व डेव्हिड डिल यांच्या १९९४ च्या निबंधानें तींत घड्याळेंही आलीं. हें सारें सोडून जो वर्ग एका विशिष्ट कंपनीचा बोर्ड वापरण्यास शिकवितो, त्याला विद्यापीठाचा वर्ग कां म्हणावें?

प्रतिपक्षाचें एक म्हणणें आम्हांस मान्य आहे. सिद्धता यंत्राच्या नकाशाची होते, यंत्राची नव्हे. नकाशा चुकला तर सिद्धता कुचकामी. शिवाय अवस्थांची संख्या पाहतां पाहतां अशी फुगते कीं तपासणारा संगणकच थकतो. म्हणून चांचणी हवीच, हातांत सोल्डरिंगची कांबही हवी. परंतु नकाशा बरोबर काढणें हीच तर या विद्येंतील कठीण गोष्ट, आणि ती शिकण्यास निवांत दोन वर्षें विद्यापीठाखेरीज कोठें मिळणार? पुण्याच्या आसपासच्या मोटार-कारखान्यांत त्या मुलावर माल मुदतींत देण्याची घाई असते. त्याच्या हातून सुटलेला प्रोग्रॅम आपण सर्व ज्या गाडीनें जातों तींत बसणार असतो.

आमची मागणी लहान आहे. पदव्युत्तर प्रकल्प घेण्यापूर्वी परीक्षकानें विद्यार्थ्यास रेल्वेच्या फाटकाचा एक छोटा प्रोग्रॅम द्यावा आणि विचारावें: गाडी येण्यापूर्वीं फाटक बंद झालेलें असतें, हें कशावरून? 'पन्नास वेळां चालवून पाहिलें' असें ज्याचें उत्तर येईल, त्यास आणखी सहा महिने वर्गांत बसवावें.