न्हाणीघरातील ओल आणि गृहस्थाचा विवेक

पाऊस स्थिरावला की मुंबई-कोकणातील न्हाणीघरांत प्रथम कुबट वास येऊ लागतो. पुढे फरशांच्या सांध्यांत आणि छताच्या कोपऱ्यांत काळसर ठिपके उमटतात. श्रावकाच्या घरात पेच उभा राहतो तो येथेच. सासूबाई म्हणतात, “चातुर्मास आहे, त्यावर औषध ओतू नकोस गं, तोही जीवच.” सूनबाईंच्या डोळ्यांपुढे रात्रभर खोकणारे लेकरू असते. दोघींचेही म्हणणे खरे आहे.

सासूबाईंच्या शब्दांमागे प्राचीन निरीक्षण आहे. कल्पसूत्रातील वर्षावासाच्या नियमांत साधूंनी जपावयाच्या आठ सूक्ष्मांमध्ये ‘पनक’, म्हणजे बुरशी, गणली असून तिचे पाच रंग सांगितले आहेत. सूनबाईंची चिंताही निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत घरातील ओल व बुरशी यांचा संबंध दमा आणि श्वसनाच्या अन्य तक्रारींशी जोडला आहे.

हा पेच सोडवावयाचा तो बुरशी उगवण्यापूर्वी. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते रुजतात ओलीवर. गुळगुळीत फरशीत त्यांना खाद्य नसते. ते मिळते साबणाच्या थरातून आणि अंगाच्या मळातून. ओला पृष्ठभाग २४ ते ४८ तासांत पूर्ण सुकला, तर बुरशी सहसा धरत नाही. परंतु पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने केवळ खिडकी उघडून भागत नाही. पाणी हातानेच काढावे लागते. घरातील शेवटचे स्नान झाले की वायपरने भिंती व जमीन निपटून घ्यावी आणि सांधे कोरड्या फडक्याने पुसावेत. ओले पंचे व पायपुसणे आत ठेवू नये, बादली पालथी घालावी. हवा बाहेर टाकणारा पंखा स्नानानंतरही २०-३० मिनिटे चालू ठेवावा. मात्र दाराखाली फट किंवा दाराला झडपा असाव्यात. आत हवा येण्यास वाट नसेल, तर पंखा नुसताच फिरतो.

बुरशी उगवलीच असेल, तर ती कोरडी खरवडू नये. बीजाणू घरभर उडतात. नाकातोंडावर मास्क व हातांत मोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, साबणाच्या पाण्याने ब्रशने घासावे, धुवावे आणि जागा कोरडी करावी. मेलेली बुरशीही त्रासदायक ठरू शकते, म्हणून नुसते औषध शिंपडून सोडून देण्यात अर्थ नाही. ब्लीच आणि शौचालय स्वच्छ करण्याचे आम्लयुक्त द्रव्य कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. डागांवर रंग चढविणे हा तर स्वतःलाच फसविण्याचा प्रकार. काही दिवसांत त्याचे पोपडे सुटतात. पुसूनही एकाच जागी डाग पुनःपुन्हा येत असेल, तर नळाची गळती किंवा वरच्या मजल्यावरून झिरपणारे पाणी शोधावे.

घर स्वच्छ ठेवताना घडणाऱ्या हिंसेला शास्त्राने ‘आरंभी’ म्हटले आहे. गृहस्थाला ती सर्वथा टाळता येत नाही. परंतु आळसाने ओल साचू द्यावयाची आणि दर महिन्याला ब्रश घेऊन बसावयाचे, हा प्रमाद टाळता येतो. शेवटी स्नान करणाऱ्याने वायपर फिरविल्याखेरीज बाहेर यावयाचे नाही, एवढा एक नियम घराने पाळला, तर सासूबाईंचा जीवदयेचा आग्रह राखला जाईल आणि लेकरालाही मोकळा श्वास घेता येईल.