दार आतून उघडलेच पाहिजे!

पुण्यातील कोंढव्यात ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे एका बेकरीला आग लागली. आत सहा कामगार झोपलेले होते. दिवसभर जिथे राबायचे तिथेच रात्री अंग टाकायचे, असे त्यांचे जिणे. दाराला बाहेरून कुलूप होते. सहाही जण गेले. पुढे ९ मे २०१९ च्या पहाटे, त्याच पुण्याला लागून असलेल्या उरुळी देवाची येथे साड्यांच्या एका दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपलेले. तेथेही दार बाहेरून बंद. पाचही जण गेले.

अशा दुर्घटनांच्या बातम्यांत एक शब्द ठरलेला असतो : शॉर्टसर्किट. तो छापून आला की सगळ्यांची सुटका होते. वायरला अटक करता येत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. आग वायरने लावली असेल, पण कुलूप कुणी लावले? विजेची तार कुलूप लावीत नाही. कुलूप माणूस लावतो, रोज लावतो, आणि आत माणसे आहेत हे पक्के ठाऊक असताना लावतो.

कशासाठी लावतो? कामगाराने माल बाहेर काढू नये म्हणून. ज्याच्या हाताने माल तयार होतो, त्याच्याच हातावर संशय. हा संशय आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. गावात चोरी झाली की पहिली झडती कोणत्या वस्तीची होत असे, हे आमच्या बापजाद्यांनी भोगले आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. परंतु ज्या मनाने तो केला ते मन गेले नाही. ते आता शटरच्या खाली वाकून कुलूप लावते आणि किल्ली खिशात घालून घरी झोपायला जाते.

मालकवर्गाचा एक युक्तिवाद आम्हाला नेहमी ऐकवला जातो. म्हणे, "मग काय दारे सताड उघडी टाकायची? उद्या चोरी झाली तर भरून कोण देणार?" वरवर पाहता बरोबर वाटते. पण हा युक्तिवाद शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे, आणि तो निकाल एखाद्या विचारवंताने लावला नाही, कुलपे विकणाऱ्याने लावला आहे!

इंग्लंडमधील संडरलंड येथे १६ जून १८८३ रोजी व्हिक्टोरिया हॉलमध्ये लहान मुलांचा खेळ होता. खेळ संपल्यावर खाली बक्षिसे वाटणार असे जाहीर झाले आणि वरच्या गॅलरीतील पोरे जिन्याने धावली. जिन्याच्या तळाचे दार आत उघडणारे होते. एकेक मूलच बाहेर यावे म्हणून ते बोल्ट घालून जरासे किलकिले ठेवले होते. त्या फटीशी १८३ मुले चेंगरून मेली. आग नव्हती, धूर नव्हता. फक्त एक बोल्ट होता. त्यानंतर १८९२ साली रॉबर्ट ब्रिग्ज याने आतून नुसते ढकलल्यावर सुटणाऱ्या बोल्टचे पेटंट घेतले.

अमेरिकेत शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी ६०२ माणसे मेली. तेथे बाहेर पडायच्या दारांचे खटके असे होते की, ते कसे उघडायचे हे प्रेक्षकांना कळेना. शिवाय जिन्यांवर लोखंडी जाळीचे दरवाजे होते आणि खेळ चालू असताना त्यांना कुलूप असे. कारण ऐका : स्वस्त तिकिटाच्या माणसांनी खाली उतरून महागड्या खुर्च्यांवर बसू नये! उच्चनीचतेची उतरंड कुलपाने कशी राखली जाते, याचे याहून ढळढळीत उदाहरण आम्हाला माहीत नाही. कार्ल प्रिन्झलर नावाचा एक गृहस्थ लोखंडी सामान विकण्याच्या धंद्यात होता. त्या दिवशी तो तेथे जाणार होता, पण कामामुळे राहून गेले आणि वाचला. त्याने हेन्री ड्यूपॉन्ट या अभियंत्याला हाताशी धरले आणि १९०८ साली दाराच्या आतल्या बाजूची दांडी बाजारात आणली. तिला पॅनिक बार म्हणतात.

ही दांडी काय करते ते नीट समजून घ्या, कारण सगळा मुद्दा तिच्यात आहे. कमरेच्या उंचीवर दारभर आडवी दांडी. घाबरलेल्या माणसाने नुसते अंग टाकले, मागच्या गर्दीने त्याला रेटले, तरी खटका आत जातो आणि दार बाहेरच्या बाजूला उघडते. किल्ली नको, वाचता येण्याची गरज नाही, अंधारात चाचपडणे नाही. बाहेरच्या बाजूला मात्र मूठही नसते. चोराने बाहेरून कितीही डोके आपटले तरी दार बंदच. म्हणजे माल सुरक्षित आणि माणूस मोकळा, दोन्ही एकाच दारात! आतल्यानेच माल पळवण्याची भीती असेल तर त्यावरही तोड आहे : दार उघडताच कर्कश वाजणारा भोंगा तेथे बसवता येतो. चोर पकडला जाईल आणि जळणारा सुटेल. मग 'चोरीच्या भीतीने' बाहेरून कुलूप लावावे लागते, असे म्हणणाऱ्याने खरे कारण सांगावे. त्याला दांडी माहीत नाही, की दांडीवर खर्च करण्याइतकी आतल्या माणसाची किंमत त्याला वाटत नाही?

न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची आग २५ मार्च १९११ ची. शनिवार, सुटीची वेळ. नवव्या मजल्यावर दोन जिने होते. रोज संध्याकाळी मुलींच्या पिशव्या तपासून त्यांना एकाच दाराने सोडत. कुणी कापडाचा तुकडा लपवून नेऊ नये म्हणून दुसरे दार कुलूपबंद. १४६ जीव गेले, बहुतेक परदेशातून पोट भरायला आलेल्या ज्यू आणि इटालियन मुली. कामाच्या वेळेत दाराला कुलूप नसावे, असा कायदा न्यूयॉर्क राज्यात त्या आधीपासूनच होता! राखेतून जळके कुलूप शोधून कोर्टात ठेवण्यात आले. साक्षीत मालकाला विचारले, तुमच्या मालाची चोरी झाली तरी किती? पंचवीस डॉलरच्या वर नाही, हे त्याला कबूल करावे लागले. तरीही दोन्ही मालक निर्दोष सुटले, कारण त्या घटकेला दार कुलूपबंद असल्याचे त्यांना माहीत होते, हे सिद्ध झाले नाही. १९१४ साली दिवाणी दाव्यांत जीवामागे पंचाहत्तर डॉलर देऊन प्रकरण मिटले. त्या मालकांपैकी एक, मॅक्स ब्लँक, १९१३ साली दुसऱ्या कारखान्यात पुन्हा दाराला कुलूप लावताना सापडला. दंड वीस डॉलर.

त्याच १९१३ च्या जुलैत आमचा बाप न्यूयॉर्कच्या बंदराला लागला, कोलंबिया विद्यापीठात शिकायला. ज्या शहरात दोन वर्षांपूर्वी या मुली जळाल्या, त्या शहरात बाबासाहेबांचा विद्यार्थिदशेतला महत्त्वाचा काळ गेला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते आणि कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांनीच मांडली. स्वातंत्र्यानंतर जगजीवनराम मजूरमंत्री असताना १९४८ चा कारखाना कायदा झाला. त्याच्या ३८ व्या कलमात स्पष्ट म्हटले होते की, खोलीत एकही माणूस असेपर्यंत बाहेर जाण्याचे दार असे बंद करता कामा नये की ते आतून सहज आणि ताबडतोब उघडणार नाही. आणि सरकते दार सोडले तर दारे बाहेरच उघडली पाहिजेत. एवढी सरळ भाषा! एखाद्या शाळकरी पोरालाही कळावी अशी.

१९८७ साली या कलमाची भाषा बदलली. 'सुटकेचे सुरक्षित मार्ग ठेवावेत' असा मोघम मजकूर आला आणि तपशील राज्यांच्या नियमांवर गेला. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा सगळा कायदाच पोटात घेतला; नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आहे. तिच्यात वीज वापरणारी जागा 'कारखाना' ठरायला २० कामगार लागतात, विजेशिवाय ४०. पूर्वी हेच आकडे १० आणि २० होते. आता कोंढव्याचे सहा आणि उरुळीचे पाच आठवा. अशी माणसे कोणत्या कायद्याच्या दारात उभी राहणार? २०१७ च्या राज्याच्या दुकाने कायद्यानेही दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले. जिथे बाहेरून कुलूप लागते, नेमक्या त्याच जागा निरीक्षकाच्या वहीतून गळाल्या. याला आम्ही योगायोग समजत नाही.

नियम मात्र नाहीत असे नाही. २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की, बाहेर पडण्याचे दार ज्या बाजूच्या माणसांसाठी आहे त्या बाजूने किल्लीशिवाय उघडले पाहिजे. अग्निसुरक्षेचा राज्याचा २००६ चा कायदा आहे, त्याखाली इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा प्रमाणपत्र द्यायचे असते. पण कागद दिवसा तपासतात. कुलूप रात्री लागते.

आणि हे केवळ गरिबाच्या गोदामाचे दुखणे आहे, अशा भ्रमात मध्यमवर्गाने राहू नये. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक गुदमरले. ते बाल्कनीचे तिकीट काढलेले लोक होते. तेथे दाराला कडी होती, आणि उजव्या बाजूचा रस्ता जादा खुर्च्या व मालकांच्या खास बॉक्सने अडवलेला होता. आज चकचकीत कार्यालयांत कार्ड दाखवून उघडणारी लोहचुंबकाची कुलपे आली आहेत. त्यांचा स्वभाव असा की, वीज असेपर्यंत चिकटून राहतात आणि वीज गेली की सुटतात. ऐकायला उत्तम. पण त्यांना बॅटरीचा आधार दिलेला असतो. आगीच्या भोंग्याशी जोडणी केलेली नसेल, तर इमारतीचे दिवे गेल्यावरही दार चिकटलेलेच! रात्रपाळीला झाडू-पोछा करणाऱ्या कंत्राटी बाईच्या कार्डाने कोणती दारे उघडतात, हे एकदा तिलाच विचारून पाहावे.

आता थोडे आमच्याकडे. आम्ही ज्या वसतिगृहात राहून शिकलो, त्याचे नाव येथे घेत नाही. रात्री साडेनऊला चॅनेल गेट ओढले जाई आणि कुलूप पडे. किल्ली रेक्टरसाहेबांच्या घरी. घर दोन गल्ल्या पलीकडे. एका रात्री जिन्याखालचा मीटर पेटला. काळा धूर वर चढला आणि पन्नाससाठ पोरे त्या गेटवर येऊन आदळली. पहारेकरी किल्ली आणायला धावला. तो येईपर्यंत आम्ही गेट हलवून हलवून कोयंडा वाकवला होता. मीटर आपोआप विझला म्हणून आज हे लिहायला आहोत. दुसऱ्या दिवशी रेक्टरसाहेबांनी काय करावे? वाकलेल्या कोयंड्याचे पैसे पोरांच्या अनामतीतून कापले आणि पहिल्यापेक्षा मोठे कुलूप आणले!

त्यांना दुष्ट म्हणवत नाही. पोरे रात्री सिनेमाला जातील, ही त्यांची काळजी. मुलींच्या वसतिगृहात तर हीच काळजी दुप्पट होते आणि कुलूपही दुप्पट होते. 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणून लावलेल्या कुलपाविरुद्ध बोलणे सगळ्यात कठीण असते. पण बाहेरच्याला रोखायचे असेल तर आतल्याला कोंडावे लागत नाही, हे त्या दांडीने दाखवून दिले आहे. मुलगी रात्री बाहेर पडली तर भोंगा वाजेल, रेक्टर जागी होईल. एवढे पुरे नाही का?

आमच्या चळवळीची सभागृहे, अभ्यासिका, समाजमंदिरे यांचे काय? जयंतीच्या कार्यक्रमाला पुढचे दार माणसांनी फुललेले असते आणि मागच्या दाराला टेबले, सतरंज्या, ध्वनिक्षेपकाची खोकी लावून ठेवलेली असतात. किल्ली कुणाकडे, तर अध्यक्षांकडे. अध्यक्ष कुठे, तर व्यासपीठावर, हारांच्या मागे. मालकांना जाब विचारण्याआधी आपल्या मागच्या दारापुढची खोकी आपणच उचलली पाहिजेत. त्याला सरकारी अनुदान लागत नाही.

सरकारकडे आमची मागणी मोघम नाही. शासकीय आणि अनुदानित वसतिगृहांच्या प्रत्येक चॅनेल गेटशेजारी आतून किल्लीविना उघडणारे एक दार असावे. कामगार जेथे रात्री झोपतात अशी दुकाने, बेकऱ्या, गोदामे, मग कामगार दोन असोत की वीस, रात्री तपासली जावीत. आणि आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावणे हाच गुन्हा धरावा. त्यासाठी कुणी जळून मरण्याची वाट पाहू नये.

ज्यांची मुले-मुली वसतिगृहात आहेत, त्या वाचकांनी आज रात्री फोन करून एवढेच विचारावे : गेटला कुलूप किती वाजता लागते आणि किल्ली कुठे झोपते? उत्तर आम्हाला पत्राने कळवावे. गाव आणि तालुका लिहावा, मुलाचे नाव लिहू नये.