मिच्छामि दुक्कडं कुणाला म्हणायचं?



संवत्सरीचं प्रतिक्रमण आटोपलं की आपले मोबाईल वाजायला लागतात. जोडलेले हात, फुलं, मिच्छामि दुक्कडं. आपणही तेच पन्नास जणांना पुढे पाठवतो. पण ज्यांचं मन आपण खरोखर दुखावलं, असे त्या पन्नासांत किती असतात?

आपला सण कधी एकटा येत नाही. आम्हा मूर्तिपूजकांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, म्हणजे बहुतेक वर्षी गणेश चतुर्थीच्याच दिवशी. स्थानकवासींची पंचमीला. त्याच पंचमीला दिगंबरांचं दशलक्षण पर्व सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला, गणपती विसर्जनाच्या दिवशी संपतं. आपल्याकडे उपवास आणि शेजारी मोदक. मग दोन-तीन दिवसांत गौरी येतात, आणि आपल्या ठाणे-कोकणात कितीतरी घरांत गौरीला मटणाचा नैवेद्य असतो.

खटका उडतो तो इथे. २०१५ साली मुंबई महापालिकेनं पर्युषणाच्या काळात चार दिवस मांसविक्री बंद ठेवायचं ठरवलं, मीरा-भाईंदरला तर आठ दिवस. लोकांनी भर रस्त्यात चिकन विकून निषेध केला. शेवटी मुंबईतल्या १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. इथे आटगावच्या बाजारातही मला एकानं विचारलं, "भाभी, आता आम्ही काय खायचं तेही तुम्हीच ठरवणार का?"

तेव्हा मला राग आला होता. जीवदया मागितली, यात आपलं काय चुकलं? आजही एक जीव वाचला तरी मला आनंदच होतो. पण मी बी.कॉम. झालेली बाई, मला हिशेब दिसतो. दुसऱ्याच्या खात्यातून जबरदस्तीनं काढलेली रक्कम आपल्या खात्यात पुण्य म्हणून जमा होत नाही. अठ्ठाई जी करते तिचीच असते. सासूनं उपवास केला म्हणून सुनेची निर्जरा होत नाही. मग सरकारी हुकमानं शटर पाडलं, तर दया कुणाच्या मनात आली?

माझी स्वतःची चूक सांगते. एका वर्षी गौरीच्या दिवशी मी शेजारच्या मावशींना वासावरून नको ते बोलले. त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि ऐन सणाला त्या उकाड्यात स्वयंपाक केला. याच मावशी आमच्या प्रतिक्रमणाच्या वेळी पोरांना ढोलकी थांबवायला सांगत, आम्ही न सांगता. त्या बंद खिडक्या बघून मला माझ्या आठ दिवसांच्या तपाची लाज वाटली.

मी त्यांच्या दारात गेले, हात जोडले आणि मिच्छामि दुक्कडं म्हटलं. अर्थ सांगितला. मावशी म्हणाल्या, "अहो भाभी, मला वाटलं साखर संपली!" दोघी हसलो. खिडक्या उघडल्या.

वास आजही येतो. मी माझी खिडकी लावते, त्यांची लावायला सांगत नाही.

मैत्रिणींनो, यंदा पन्नास मेसेज जरूर पाठवा. पण त्याआधी एका दारात स्वतः जा. भाजीवाली असेल, कामाला येणारी ताई असेल, मासे खाणारी शेजारीण असेल. क्षमा तिथे मागायची आहे.

सर्वांना मिच्छामि दुक्कडं.