आई हयात असताना मूल ‘ऑर्फन’ कसे?

सेवाभावी संस्थांचे वार्षिक अहवाल बहुधा दोन भाषांत निघतात. मराठी पानावर ‘बालकाश्रम’, ‘बालसदन’ अशी जिव्हाळ्याची नावे असतात. पान उलटून इंग्रजी मजकूर सुरू झाला, की त्याच वास्तूचे ‘ऑर्फनेज’ होते! भाषांतर करणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही. अनाथ म्हणजे ऑर्फन, हे समीकरण शाळेपासून पाठ असते. मुळात ते समीकरणच चुकीचे आहे.

संस्कृतातील ‘नाथ’ म्हणजे रक्षणकर्ता. तो ज्याला नाही तो अनाथ. मग त्याचे मातापिता हयात असोत वा नसोत. विठ्ठलाला अनाथांचा नाथ म्हणणारे वारकरी काही सारेच पोरके नसतात. इंग्रजी ‘ऑर्फन’ मात्र आईबापांच्या मृत्यूशी बांधलेला आहे. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, ती प्रामुख्याने तरुण विधवांना आधार देण्यासाठी. या संस्थेचे इंग्रजी नाव होते ‘हिंदू विडोज होम असोसिएशन’. ‘अनाथ’ शब्द समोर असूनही त्या पिढीने ‘ऑर्फनेज’ म्हटले नाही. तेथे कोण राहते हे पाहून तिने शब्द निवडला. कोश पाहून नव्हे.

आज बालसंस्थांत कोण राहते? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने देशातील साडेनऊ हजारांहून अधिक संस्थांची पाहणी करविली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार तेथील सुमारे पावणेचार लाख मुलांपैकी अनाथ म्हणून नोंदलेली मुले होती सुमारे ४२ हजार. म्हणजे नऊ मुलांमागे एक! एकच पालक असलेली मुले लाखाहून अधिक होती. कुणाची आई धुणीभांडी करते, कुणाचे वडील तुरुंगात, कुणाचे अंथरुणाला खिळलेले. ती आई महिन्यातून एकदा खाऊ घेऊन फाटकापाशी येते आणि वरच्या पाटीवर तिच्या मृत्यूची नोंद झालेली असते. तिला इंग्रजी वाचता येत नाही, एवढेच काय ते तिचे सुदैव.

ही केवळ शब्दांची कीस काढण्याची हौस नव्हे. ब्रिटनने हजारो मुले संस्थांतून उचलून ऑस्ट्रेलिया-कॅनडाला धाडली. त्यांतील अनेकांना ‘तुम्ही अनाथ आहात’ असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात आईबाप मायदेशी जिवंत होते. २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या आणि २०१० साली ब्रिटनच्या पंतप्रधानांना त्याबद्दल जाहीर क्षमा मागावी लागली. मूल एकदा ‘ऑर्फन’ ठरले, की त्याच्या घराची चौकशी करण्याचे कुणाला कारणच उरत नाही.

मग शब्द कोणता? ‘चाइल्ड केअर इन्स्टिट्यूशन’ ही २०१५च्या बालन्याय कायद्यातील छत्रीसंज्ञा आहे. तिच्याखाली निरीक्षणगृहापासून दत्तकसंस्थेपर्यंत सारेच येते. सरकारी नस्तीत ती शोभते, दारावर नव्हे. ‘शेल्टर’मध्ये रात्रीपुरत्या निवाऱ्याचा भाव आहे. ‘हॉस्टेल’ शिक्षणापुरते राहणाऱ्या मुलांसाठी ठीक. परंतु नोंदणी आणि तपासणी टाळण्यासाठी कुणी ती पाटी लावत असेल, तर ती लबाडी होय. रोमन लिपीत ‘आश्रम’ लिहावे, तर परदेशी पाहुणा योगासनांची चटई काखोटीला मारून यायचा! उरतो तो ‘चिल्ड्रन्स होम’. हा कायद्याचाच शब्द आहे, आपल्या ‘बालगृहा’शी तंतोतंत जुळणारा. याच कायद्याने ‘ऑर्फन’ची व्याख्या बरीच सैल केली, तरी मुलांच्या निवासाला नाव दिले ते ‘होम’चेच.

‘ऑर्फन’ म्हटल्याशिवाय परदेशस्थ देणगीदाराचे मन द्रवत नाही, असा युक्तिवाद कार्यकर्ते खासगीत करतात. म्हणजे देणगीसाठी जित्या आईला कागदावर मारायचे! शिवाय यात खऱ्या अनाथांचीही हानी आहे. महाराष्ट्राने २०१८ साली त्यांच्यासाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवले. ‘अनाथ’ असणे ही त्या तरुणांना प्रमाणपत्राने सिद्ध करावी लागणारी गोष्ट आहे; पत्रकावर छापून टाकायचे विशेषण नव्हे. येत्या वर्षाचे अहवाल छपाईला जाण्यापूर्वी संस्थाचालकांनी इंग्रजी पानावरील तो एक शब्द खोडावा. त्याला ना निधी लागतो, ना शासनाची परवानगी.