अभिमान पायताणाचा, निगा कोणाची?

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या आणि त्यांच्या मूळ भूमीचा उल्लेखही केला नाही, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. संताप रास्तच होता. कंपनीलाही पुढे हे ऋण मान्य करावे लागले. परंतु संतापणाऱ्यांपैकी कितीजणांच्या घरी अस्सल कोल्हापुरी जोड आहे आणि असल्यास तो कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न अवघड आहे.

गिऱ्हाइकाची विचारणा ठरलेली असते : पावसात चालेल का? याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे आणि त्यात कारागिराला कमीपणा नाही. हे कातडे बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात मुरवून कमावलेले असते. त्यात तेल आहे तोवर ते लवचिक राहते. भिजून तेल उतरले, की वाळताना त्याचे तंतू एकमेकांस चिकटतात. तळ ताठरतो आणि अखेर तडकतो. खिळ्यांऐवजी कातड्याच्याच वादीने शिवलेली ही चप्पल पाण्यात फुगली, की टाकेही सैल होतात. यावर वार्निशासारखा लेप फासणे हा आजाराहून वाईट उपचार होय. टाक्यांच्या भोकांतून पाणी आत शिरतेच, आणि मग लेपाखाली कोंडून बुरशीला आसरा देते.

जुनी रीत साधी आहे. धूळ कोरड्या फडक्याने झाडावी, एरंडेलाचा हलका हात तळाला व पट्ट्यांना फिरवावा आणि रात्रभर ते मुरू द्यावे. तेलात थोडे मधमाशांचे मेण वितळवून घेतल्यास शिंतोडे सोसण्याइतपत बळ येते. त्याहून अधिकाची अपेक्षा धरू नये. जवसाचे तेल मात्र टाळावे, ते स्वतःच सुकून घट्ट होते. चप्पल भिजलीच तर ती सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. उन्हात किंवा चुलीपाशी ठेवणे म्हणजे तिचा घात करणे. आषाढ-श्रावणात तिला कापडात गुंडाळून फळीवर विश्रांती द्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे.

एवढी तसदी नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठीच बाजारात रबरी तळाच्या आणि रेक्झिनच्या पट्ट्यांच्या 'कोल्हापुरी' आल्या. २०१९ साली महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन लाभले. नावाचे रक्षण कायदा करील; पण स्वस्त आणि बिनकष्टाची नक्कल मागणाऱ्याचा हात तो धरू शकत नाही. मिलानच्या कंपनीने नाव गाळले, येथे नाव राखून वस्तूच गाळली जाते. यांतील दुसरा अपराध कारागिराच्या पोटावर अधिक थेट येतो, आणि त्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. तुटलेली वादी नव्याने ओवून देणारा चर्मकार अजून अनेक गावांत भेटतो. त्याने मागितलेल्या मजुरीवर घासाघीस करणारेही तेथेच भेटतात.